तिसरीची मुलं मासळीचा हिशोब तोंडी करतात पण वहीतल्या हातच्याला अडतात, मदत हवी आहे

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी, मी दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या जि.प. शाळेत शिकवते. दोन शिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. तिसरीत आठ मुलं, त्यातली सहा मच्छीमारांच्या घरातली.

परवा फळ्यावर ५०० वजा ३६५ दिलं तर आठातल्या पाच जणांनी २६५ लिहिलं. शून्यातून पाच जात नाहीत ना, मग उलट पाचातून शून्य घालवलं, सहातून शून्य, पाचातून तीन आणि झालं गणित. यातलाच एक मुलगा संध्याकाळी आईबरोबर मासळी विकायला बसतो. त्याला म्हटलं वही मीट, आता सांग, तुझ्याकडनं कोणी ३६५ ची मासळी घेतली नि पाचशेची नोट दिली तर परत किती देशील? लगेच म्हणाला, "बाई, पस्तीस दिले की चारशे झाले, वर शंभर. एकशे पस्तीस." मग मी त्याच्यासमोर त्याचंच वहीतलं २६५ ठेवलं तर म्हणतो, "ते गणित आहे बाई, हे पैसे आहेत."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. ही मुलं सव्वाशे, दीडशे, अडीचशे घरातूनच शिकून येतात, बांगड्याच्या दोन वाट्यांचे किती, तीन घेतले तर किती कमी करायचे सगळं येतं, आणि माझ्या वर्गात येऊन त्यांना वाटतं की आपल्याला गणित येत नाही. काड्यांचे गठ्ठे करून झाले, खोट्या नोटाही झाल्या, हातात असेपर्यंत जमतं पण वही उघडली की परत तेच.

जानेवारीत बाल आनंद मेळावा आहे, मुलं स्वतः स्टॉल लावणार, सोलकढी, उकडलेल्या शेंगा, आवळे वगैरे. मार्चमध्ये अंजर्ल्याला कासवाची पिल्लं बघायला न्यायचं मनात आहे. या दोन्हीचा वजाबाकीसाठी उपयोग कसा करू? आणि त्या मुलाची तोंडी पद्धत वहीत चालवून घ्यावी का, की उभी मांडणीच पक्की करून घ्यावी?

निवृत्त गुरुजी:
ताई, चालवून घ्या, नक्की घ्या. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला होता, १९८५ साली प्रसिद्ध झाला. पाचच मुलं होती, पण विकता विकता विचारलेले हिशोब ९८ टक्के बरोबर आणि तसलीच गणितं नुसती आकड्यांत दिली तर ३७ टक्क्यांच्या आसपास. त्यातला एक नारळ विकणारा मुलगा. एक नारळ ३५ ला तर दहाचे किती विचारलं तर तीनाचे १०५, अजून तीनाचे मिळून २१०, असं करत ३५० वर आला. पुढे शून्य लावायचं त्याच्या मनातही आलं नाही. तुमचा पोरगा त्याच जातकुळीतला.

आधी त्याची पद्धत कागदावर आणा. एक आडवी रेघ मारा, ३६५ पासून उडी ३५ ची, ४०० आले, मग उडी १०० ची. उड्यांची बेरीज म्हणजे उत्तर. हे आठवडाभर करा आणि मग उभ्या मांडणीकडे या. तिथे "उसना घेतला" हा शब्द वापरू नका असं माझं मत, कारण उसनं घेतलेलं परत द्यावं लागतं आणि इथे तर कोणी काही परत देत नाही. "सुट्टे केले" म्हणा. शंभराची नोट मोडली की दहाच्या दहा, दहाची मोडली की एकाची दहा नाणी. मेळाव्यात दर स्टॉलच्या गल्ल्यात नुसत्या मोठ्या नोटा ठेवा आणि चौथीतल्या एकाला बँकवाला करून बसवा. सुट्टे हवे तर त्याच्याकडे जायचं आणि काय मोडून काय आणलं ते वहीत लिहायचं. भाव मुद्दाम १७, २३ असे ठेवा, दहा-वीस ठेवलेत तर कोणाला मोडायची वेळच येणार नाही.

मालवणची आई:
बाईनू, माझो झील पण तसोच. दुकानात बसता तेव्हा एक रुपयो चुकणा नाय, शाळेत रडता. एक सुचवते, त्या मुलाच्या आईला वर्गात बोलवा आणि ती परत पैसे कशी देते ते मुलांसमोर करून दाखवू दे. आईला येतं तेच शाळेत शिकवतात हे मुलाला कळलं की त्याची भीती अर्धी जाते, आमच्याकडे तसंच झालं.

पुळणवाला:
कासवांचं सांगतो. अंड्यातून पिल्लं यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे आधी फोन करून जा, नाहीतर पोरं रिकाम्या हाती परत. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश नाही. हॅचरीत अंडी कधी पुरली आणि किती, याची नोंद असते ती मुलांना उतरवून घेऊ दे. समजा ११८ अंडी आणि ८९ पिल्लं निघाली, तर राहिली किती? हातच्याचं गणित आपोआप आलं.

खाडीकाठ:
गुरुजी, ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आजच रेघेवरच्या उड्या घेतल्या, आठही जणांचं ५०० वजा ३६५ बरोबर आलं. मग उभी मांडणी आणि सुट्टे. तोच मुलगा स्वतःहून म्हणाला, "बाई, गल्ल्यात सुट्टे नाहीत म्हणून शंभराची मोडली." त्याची आई शुक्रवारी येते म्हणाली, त्या दिवशी बोटी उशिरा लागणार आहेत.

आता अडलंय ते मधल्या शून्याला. ४०२ वजा १६७ मध्ये दोघी जणी शंभराची नोट मोडून थेट दहा एकं आणतात, मधल्या नव्वदाचं काय होतं ते दिसतच नाही त्यांना. गुरुजी, इथे बँकवाला दोनदा मोडतो असं दाखवू का?