शब्दचर्चा : ‘व्हीएआरने गोल रद्द केला’ हे वाक्य बरोबर आहे का?

प्रश्न : फुटबॉलच्या बातम्यांत ‘व्हीएआरने गोल रद्द केला’, ‘व्हीएआरने पेनल्टी दिली’, ‘व्हीएआरने निर्णय फिरवला’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. व्हीएआर म्हणजे यंत्र, पद्धत की माणूस? गोल तो रद्द करतो की मैदानावरचा पंच? आणि ‘रिव्ह्यू’ला मराठीत नेमकं काय म्हणावं? पुनरावलोकन, फेरतपासणी, पडताळणी, फेरविचार हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरलेले वाचले. त्यांत फरक करायला हवा असं वाटतं, पण कसा ते कळत नाही.

उत्तर : फरक करायलाच हवा. पंचांचे निर्णय व्हिडिओवर तपासावेत की नाही, या वादातला निम्मा गोंधळ हा फरक न केल्यामुळे होतो.

आधी व्हीएआर. व्हीएआर हा माणूस असतो. ‘व्हिडिओ असिस्टंट रेफ्री’चं ते लघुरूप, म्हणजे व्हिडिओ सहायक पंच. खेळाच्या नियमांत तोही सामना अधिकाऱ्यांपैकी एक आहे, रेषेवर झेंडा घेऊन धावणाऱ्या सहायक पंचासारखाच. तो पडद्यांसमोर बसतो, त्याच्या मदतीला आणखी एक सहायक असतो आणि हवी ती दृश्यं काढून देणारा तंत्रज्ञ असतो. पण निर्णय देण्याचा अधिकार त्याला नाही. ‘हे एकदा बघून घ्या’ किंवा ‘खेळाडू ऑफसाइड होता’ (म्हणजे पास दिला गेला तेव्हा बचावाच्या पुढे, नियमबाह्य जागी होता) असं तो कानातल्या यंत्रावरून कळवतो, आणि निर्णय मुख्य पंच देतो. मार्च २०१८मध्ये व्हीएआरला नियमांत जागा मिळाली, तेव्हा ही गोष्ट स्पष्ट लिहिली गेली. म्हणून ‘व्हीएआरने गोल रद्द केला’ या वाक्यातला कर्ता चुकीचा आहे. ‘व्हीएआरच्या सूचनेवरून पंचांनी गोल रद्द केला’ हे बरोबर.

हे वाक्य आपल्याकडे क्रिकेटमधून आलं असावं. नोव्हेंबर १९९२मध्ये डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकरला टीव्हीच्या दृश्यांवरून धावबाद दिलं गेलं. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला तो पहिला फलंदाज. तिथे मैदानावरचा पंच हाताने चौकोन काढून निर्णयच तिसऱ्या पंचाकडे सोपवतो. त्यामुळे ‘तिसऱ्या पंचांनी बाद दिलं’ हे वाक्य तिथे अगदी बरोबर आहे. फुटबॉलचा पंचही तसाच चौकोन काढतो, म्हणून आपणही तेच वाक्य उचललं. पण इथे तो निर्णय कुणाकडे सोपवत नाही, तो आपल्याकडेच ठेवतो. खूण सारखी असली तरी अर्थ वेगळा.

आता ‘रिव्ह्यू’. नियमांत दोन पायऱ्या आहेत आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. पहिली पायरी पडताळणी. प्रत्येक गोल, पेनल्टी आणि थेट लाल कार्डाची घटना व्हीएआर आपणहून बघत असतो. बहुतेक वेळा काही गैर आढळत नाही, खेळ चालू राहतो आणि प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. दुसरी पायरी फेरविचार. पडताळणीत काही सापडलं आणि निर्णय बदलायची शक्यता दिसली तरच तो होतो, आणि तो मुख्य पंच करतो, कधी मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर स्वतः बघून, तर कधी व्हीएआरने कळवलेल्या माहितीवरून.

‘पुनरावलोकन’ मला इथे अपुरा वाटतो. त्यात फक्त पुन्हा बघणं येतं, निर्णय पुन्हा विचारात घेणं येत नाही. वर्षभराच्या कामाचं पुनरावलोकन होतं, पेनल्टीचा फेरविचार होतो.

आणि हा फेरविचार सगळ्याच निर्णयांचा होत नाही. गोल आहे की नाही, पेनल्टी आहे की नाही, थेट लाल कार्ड, आणि एकाच्या चुकीबद्दल भलत्याच खेळाडूला कार्ड दाखवलं जाणं, एवढ्या चारच बाबतींत या नियमांनी सुरुवातीला मुभा दिली.

प्रतिप्रश्न : पण मग ‘पंचांचा निर्णय अंतिम’ याला काय अर्थ राहिला? अंतिम निर्णयाचा फेरविचार कसा होईल? पंच चुकणार हे धरूनच हा खेळ शतकभर खेळला गेला. आता पडद्यावर बघून निर्णय बदलायचे तर पंचाची किंमत काय राहिली?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण ‘अंतिम’ म्हणजे ‘अचूक’ नव्हे आणि ‘पहिला’ही नव्हे. ज्याच्यावर पुढे दाद मागता येत नाही तो अंतिम. नियमांत व्हीएआरच्या आधीपासून सोय आहे की खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत पंच आपला निर्णय बदलू शकतो. रेषेवरच्या सहायकाने झेंडा वर केलेला उशिरा दिसला, तर दिलेला गोल तो मागे घेतोच. व्हिडिओमुळे त्याला आणखी एक सहायक मिळाला, अंतिम शब्द त्याचाच राहिला.

आणि थोडं मागे जाऊन बघा. सुरुवातीच्या काळात फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचा एक असे दोन अंपायर असत. खेळाडू त्यांच्याकडे दाद मागत. दोघांचं एकमत झालं नाही की प्रश्न मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे जाई. त्याच्याकडे बाब ‘रेफर’ केली जाई म्हणून तो रेफ्री. १८९१मध्ये त्याला मैदानात आणलं आणि ते दोन अंपायर रेषेवर गेले. त्या रेषापंचांचं नाव १९९६मध्ये सहायक पंच झालं. म्हणजे मतभेद झाला तर बाहेरच्या माणसाला विचारायचं, ही कल्पना या खेळाला परकी नाही. आपण मराठीत अंपायर, रेफ्री या दोघांनाही पंचच म्हणतो, म्हणून हा इतिहास आपल्या शब्दात दिसत नाही. पण पंच या शब्दामागेही पाच जणांनी मिळून निवाडा करण्याचीच कल्पना आहे. एकट्याच्या नजरेवर सगळा भार टाकावा, असं हा शब्द कुठेच सांगत नाही.

पंचाची किंमत जाते म्हणता, तर २७ जून २०१०चा दिवस आठवा. दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात ब्लूमफाँटेनला इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या चांगलाच आत पडला आणि बाहेर आला. गोल दिला गेला नाही. त्याच दिवशी जोहान्सबर्गला मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने स्पष्ट ऑफसाइड असताना गोल केला. त्याची दृश्यं मैदानातल्या मोठ्या पडद्यावर लागली. मेक्सिकोचे खेळाडू पंचांना पडदा दाखवत होते, हजारो लोकांनी चूक पाहिली होती, पंच रॉबेर्तो रोसेत्ती सहायकाजवळ जाऊन बोललेही. पण पडद्यावरून निर्णय बदलायची नियमात सोय नव्हती, आणि गोल कायम राहिला. सगळ्यांना दिसतंय आणि ज्याने बघायचं त्यालाच मनाई, यात पंचाचा मान कुठे राहिला? पुढे हेच रोसेत्ती २०१८च्या विश्वचषकासाठी फिफाच्या व्हीएआर प्रकल्पाचे प्रमुख झाले. मला ही या सगळ्या कहाणीतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

प्रतिप्रश्न : तंत्रज्ञान हवं हे मान्य. पण मग लोक एवढे चिडतात का? आणि व्हीएआरच्या नियमातल्या ‘क्लिअर अँड ऑब्व्हिअस एरर’ला मराठीत काय म्हणायचं? ‘स्पष्ट आणि उघड चूक’ फार कोरडं वाटतं.

उत्तर : ढळढळीत चूक. मराठीत याहून चांगला शब्द मला सापडत नाही. ढळढळीत म्हणजे जी दाखवून द्यावी लागत नाही ती. आणि लोक चिडतात त्याचं कारण या शब्दातच आहे. नियमाचा हेतू कमीत कमी ढवळाढवळ हा होता, म्हणून ढळढळीत चूक असेल किंवा पंचाच्या नजरेतून मोठी घटना पूर्ण निसटली असेल, तरच हात घालायचा असं ठरलं. प्रत्यक्षात चार-चार मिनिटं दृश्यं पुढेमागे करून चूक शोधली जाते. शोधावी लागते ती चूक ढळढळीत कशी?

२०१८च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात काय झालं बघा. फ्रान्स आणि क्रोएशिया १-१ बरोबरीत. कॉर्नरवर चेंडू इव्हान पेरिसिचच्या हाताला लागला. पंच नेस्तोर पिताना यांनी आधी काहीच दिलं नव्हतं. सूचना आल्यावर ते पडद्याकडे गेले, बघितलं, मैदानाकडे वळले, आणि पुन्हा मागे फिरून बघू लागले. मग पेनल्टी दिली. अँत्वान ग्रीझमनने गोल केला. हाताला चेंडू लागला यात शंका नाही. पण ज्या पंचाला दोनदा बघावं लागलं, त्याच्या पहिल्या निर्णयात ढळढळीत चूक होती असं कसं म्हणता येईल? माझ्या मते तिथे मूळ निर्णय कायम राहायला हवा होता.

म्हणून पडताळणी आणि फेरविचार यांच्यातली सीमा मी इतकी धरून ठेवतो. चेंडू रेषेपलीकडे गेला का, खेळाडू ऑफसाइडच्या जागी होता का, फाउल पेनल्टी क्षेत्रात झाला की बाहेर, या वस्तुस्थितीच्या बाबी आहेत. त्यांचं उत्तर एकच असतं आणि यंत्र ते माणसापेक्षा चांगलं देतं. गोलरेषेचं तंत्र २०१२मध्ये मंजूर झालं, पुढे पंचाच्या मनगटावरच्या घड्याळात ‘गोल’ असा संदेश येऊ लागला, आणि त्यावर आज कुणी भांडत नाही. २०२२च्या विश्वचषकात छताखालचे १२ कॅमेरे आणि चेंडूतला सेन्सर यांनी ऑफसाइड पकडायला मदत केली. पहिल्याच सामन्यात इक्वेडोरचा सुरुवातीचा गोल त्यामुळे रद्द झाला. इथे वादाला जागा नाही, असलीच तर नियमाबद्दल आहे.

धक्का किती जोराचा होता, हात नैसर्गिक स्थितीत होता का, हे मात्र निवाड्याचे प्रश्न आहेत. ते नुसत्या पडताळणीने सुटत नाहीत, त्यांचा फेरविचारच लागतो, आणि तो पंचानेच करायचा. हे व्हीएआरच्या नियमावलीलाही कळलेलं आहे. संथगती दृश्यं जागा आणि स्पर्श पाहण्यासाठी वापरा, धक्क्याची तीव्रता ठरवताना खऱ्या वेगाने बघा, असं ती सांगते. संथगतीत प्रत्येक टॅकल खुनशी दिसतो. ही एक सूचना काटेकोरपणे पाळली तरी निम्मी भांडणं मिटतील.

आणखी एक मत : मला वाटतं गोल झाल्यावर ओरडायचं की थांबायचं हेच कळत नाही, हे खरं दुखणं आहे. मैदानात बसलेल्याला तर काय तपासताहेत तेही कळत नाही. स्वीडनमध्ये सभासदांच्या मालकीच्या क्लबांनी २०२४मध्ये व्हीएआर नाकारला तो उगाच नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही त्याच वर्षी व्हीएआर काढून टाकण्याचा प्रस्ताव वुल्व्हज या क्लबने आणला होता.

उत्तर : आणला, आणि १९ विरुद्ध १ मतांनी पडला. पण तुमचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. गोलचा आनंद हा या खेळाचा प्राण आहे आणि तो अधांतरी ठेवणं ही मोठी किंमत आहे. ती कमी करायची तर निर्णय का आणि कसा झाला हे प्रेक्षकांना ऐकवलं पाहिजे. २०२३च्या महिला विश्वचषकात पंचांनी माइकवरून निर्णय सांगितले. ते सगळीकडे व्हायला हवं.

बोलण्यात नेमकेपणा नसला तर काय होतं, ते ३० सप्टेंबर २०२३ला टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात दिसलं. लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला. सहायकाने ऑफसाइडचा झेंडा दाखवला. व्हीएआरने रेषा लावून बघितलं, डियाझ ऑनसाइड निघाला. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशी व्हीएआरची समजूत होती, म्हणून त्याने फक्त ‘चेक कम्प्लीट’, म्हणजे पडताळणी पूर्ण, एवढंच कळवलं. पंचांनी त्याचा अर्थ ‘ऑफसाइड बरोबर’ असा घेतला आणि फ्री किकने खेळ सुरू झाला. काही क्षणांत दृश्यं दाखवणाऱ्या तंत्रज्ञाच्या ते लक्षात आलं, पण खेळ सुरू झाल्यावर निर्णय बदलता येत नाही. लिव्हरपूल २-१ हरलं. नंतर पंचांच्या संघटनेने हे संभाषणच जाहीर केलं. दृश्य अचूक होतं, रेषा अचूक होती. ‘गोल ग्राह्य’ एवढे दोन शब्द बोलले गेले असते तर निर्णयही अचूक झाला असता.

प्रश्न : शेवटचं एक विचारतो. प्रशिक्षकाने फेरविचार मागण्याची नवी पद्धत आली आहे. तिला ‘चॅलेंज’ म्हणतात. मराठीत ‘आव्हान’ चालेल का?

उत्तर : ‘आव्हान’ नको. आव्हान प्रतिस्पर्ध्याला देतात. २०२४च्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात ही पद्धत वापरली, तेव्हा प्रत्येक संघाला दोन विनंत्या होत्या, आणि विनंती बरोबर ठरली तर ती शिल्लक राहत होती. तिथे वेगळा व्हीएआर नसतो. पंच स्वतः पडद्यावर बघतो, त्यामुळे कमी पैशांत खेळवल्या जाणाऱ्या स्पर्धांनाही ती परवडते. मला ही पद्धत व्हीएआरपेक्षा अधिक पसंत आहे, कारण चूक ढळढळीत वाटली तरच प्रशिक्षक आपली विनंती खर्ची घालेल. तिच्यासाठी ‘दाद मागणे’ हा तयार वाक्प्रचार आहे. ‘प्रशिक्षकांनी पेनल्टीसाठी दाद मागितली, पंचांनी पडद्यावर पाहून ती मान्य केली.’ किंवा ‘दाद फेटाळली, मूळ निर्णय कायम.’ दोन्ही वाक्यांत निर्णय कुणी दिला ते स्पष्ट आहे, तेव्हा असंच लिहावं.