मदत हवी आहे: निकॉनच्या डी९० आणि झेड५० कॅमेऱ्यांची तुलना नक्की कशी करायची?

मंडळी, बडोद्यात गरब्याचे फोटो काढतो, त्यासाठी जुना निकॉन डी९० (२००८ चा, १२ मेगापिक्सेल) बदलावा का ते ठरत नाहीये. मित्राचा झेड५० आणलाय, २०१९ चा, जवळपास २१ मेगापिक्सेल. रात्री मांडवीपाशी ट्रायपॉड लावून दोन्हीवर तीच ३५ एमएम १.८ जी लेन्स (झेडवर एफटीझेड अडॅप्टरने), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, शटर-अॅपर्चर सेम, आणि सगळं रॉमध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा), कारण जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच नॉइज (फोटोतले दाणे) पुसतो मग तुलना कसली डोंबलाची. लाइटरूममध्ये शार्पनिंग, नॉइज रिडक्शन दोन्ही शून्यावर.

आता गंमत अशी की १०० टक्के झूम केलं (फोटोचा एक पिक्सेल म्हणजे स्क्रीनचा एक पिक्सेल) तर दाणे दोन्हीकडे दिसतात, फरक आहे पण पैसे टाकावेत इतका नाही वाटत, आणि झेडचा फोटो डी९० एवढा म्हणजे ४२८८ पिक्सेल रुंद केला की सावल्या एकदम स्वच्छ.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) प्लीज सुचवू नका, बजेट नाही. ऑटोफोकस नवा भारी आहे ते कळलंय, प्रश्न फक्त क्वालिटीचा आहे, प्रिंट १२ बाय १८ इंचापुढे जात नाही.

तर खरं कुठलं धरायचं, १०० टक्क्यांवरचं की सारख्या साइझवरचं? आणि एवढ्या प्रिंटमध्ये हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो का?