ड्रॉइंग कळतं, अलार्म कळतो, पण मीटिंगमध्ये इंग्रजी बोलता येत नाही. घरच्या घरी कसं शिकू?

सेटर_चाकण

नमस्कार मंडळी. मी आयटीआय झालेला, टर्नर ट्रेडचा. चाकणला एका कंपनीत सीएनसी सेटर आहे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर टूल आणि मापं लावून देणारा. शिक्षण पाथर्डी तालुक्यात, गावातल्या मराठी शाळेत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, आणि ते बहुतेक फळ्यावरून वहीत उतरवण्यापुरतंच.

ड्रॉइंग वाचता येतं. मशीनवर अलार्म आला की काय झालंय ते कळतं. मॅन्युअलही अडखळत लागतं. आता सुपरवायझरची जागा निघणार आहे. आमचा कस्टमर जर्मनीचा, त्यांच्याबरोबर दर आठवड्याला ऑनलाइन मीटिंग असते. माझ्या मशीनवर रिजेक्शन (नापास झालेले पार्ट) का आलं हे मलाच नीट माहीत असतं, पण सांगतात दुसरेच, आणि मी शेजारी उभा. "काल रात्री मशीन थांबली तेव्हा मी काय काय केलं" एवढंही मला इंग्रजीत सलग सांगता येत नाही. शब्द येतात, वाक्य होत नाही.

शिफ्ट फिरती असल्याने क्लास जमत नाही. एका ठिकाणी पैसे भरले होते, तिथं बाजारात भाजी कशी घ्यायची, हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची हेच चाललं होतं. चाकणमध्ये मी भाजी इंग्रजीत कशाला घेऊ? आता व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आणलंय, पण बारा काळांच्या तक्त्यावरच अडकलोय. कुठून सुरुवात करू?

मोजमाप

दादा, पुस्तक सध्या बाजूला ठेवा. मी भोसरीत इन्स्पेक्शनला लागले होते, आता कस्टमरच्या तक्रारी बघते. मीही मराठी शाळेतलीच, आणि बोलायला शिकले ते सगळं कामावरच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्याकडे शब्द भरपूर आहेत. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक), ऑफसेट, बर, रनआउट, टॉलरन्स, फिक्स्चर, रीवर्क हे तुम्ही दिवसभर बोलता. ते पाठ करण्यात वेळ घालवू नका. अडतंय ते क्रियापदाशी. मराठीत आपण "काल रात्री दुसऱ्या शिफ्टला चार नंबरच्या मशीनवर…" असं सगळं मांडून शेवटी "इन्सर्ट तुटला" म्हणतो. इंग्रजीत त्याच क्रमाने निघालात की क्रियापद येईपर्यंत दम संपतो. तिथं आधी कोण आणि काय झालं, ते सांगून टाकायचं. कुठं आणि कधी ते मागून. "द इन्सर्ट ब्रोक. मशीन नंबर फोर. लास्ट नाइट, सेकंड शिफ्ट." तुकडे पडले तरी चालतील, पण पहिला तुकडा पूर्ण हवा. तोंड उघडायच्या आधी फक्त क्रियापद ठरवा.

सेटरला लागणारी क्रियापदं तरी किती? स्टॉप, स्टार्ट, चेंज, चेक, मेजर, फाइंड, ब्रेक, रिजेक्ट, टेल, वेट, सेंड. यांची भूतकाळाची रूपं पक्की करा. मीटिंगमध्ये विचारतात ते बहुतेक झालेलंच असतं, त्यामुळे बारापैकी साधा भूतकाळ एकटा तुम्हाला बराच लांब नेईल. आणि एक सोय बघा. मराठीत "मी इन्सर्ट बदलला, टीप बदलली, टूल बदललं" असं तीन तऱ्हांनी म्हणावं लागतं. इंग्रजीत तिन्हींना एकच "चेंज्ड".

उच्चारातही एक नियम लगेच उपयोगी पडेल. शेवटचं "ईडी" दर वेळी "एड" होत नाही. स्टॉप्ड आणि चेक्ड हे बोलताना "स्टॉप्ट", "चेक्ट" असे तोडून म्हणायचे. "चेकेड" नाही. मूळ शब्द ट किंवा ड वर संपला तरच "एड" ऐकू येतो: रिजेक्टेड, स्टार्टेड, लोडेड. तसंच कॉम्पोनंट म्हणताना आपण "कॉम"वर जोर देतो. जोर "पो"वर द्या, बाहेरच्या माणसाला लगेच कळतं. आणि टूल वेअरमधला "वे" ओठांचा चंबू करून, व्हॉल्व्हमधले दोन्ही "व्ह" मात्र खालच्या ओठाला वरचे दात टेकवून. आपण दोन्हीकडे एकच व वापरतो म्हणून समोरचा पुन्हा विचारतो.

आता खरा अभ्यास. शिफ्ट सुटताना तुम्ही पुढच्या सेटरला जे सांगता ते चार ओळींत इंग्रजीत लिहा: काय झालं, मी काय केलं, काय तपासलं, काय राहिलंय. असं: "द इन्सर्ट ब्रोक ॲट टेन थर्टी. आय चेंज्ड इट. आय चेक्ड फाइव्ह पार्ट्स. टू पार्ट्स आर ऑन होल्ड." मग वही बंद करून मोठ्याने सांगा. मनातल्या मनात नको. जीभ वळायला आवाजच काढावा लागतो. बसस्टॉपवर लोक बघतील असं वाटत असेल तर फोन कानाला लावा.

प्रश्न विचारायला शिकायचं असेल तर फाइव्ह व्हायसारखी, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा "का" विचारण्यासारखी, तालीम नाही. टोयोटातून आलेली ही पद्धत तुमच्याकडेही भिंतीवर लावलेली असेलच. ती भरायचा कागद म्हणून बघू नका, बोलून बघा. "व्हाय वॉज द बोअर अंडरसाइज? बिकॉज द इन्सर्ट वॉज वोर्न. व्हाय डिड वुई नॉट चेंज इट? बिकॉज द टूल लाइफ काउंटर वॉज ऑफ. व्हाय डिड समवन टर्न इट ऑफ?" बघा, "डिड" आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं: "डिड चेंज", "डिड चेंज्ड" नाही. हे पुस्तकात अर्धं पान आहे, पण स्वतःच्या मशीनच्या खऱ्या रिजेक्शनवर पाच वेळा "व्हाय" विचारलं की डोक्यात बसतं. वर्णनासाठी तक्रारीचा एट-डी (आठ टप्प्यांचा) रिपोर्ट घ्या. जुने मंजूर झालेले रिपोर्ट क्वालिटीवाल्यांकडे असतात, मागून घ्या. त्यात समस्या काय, तात्पुरता उपाय काय, मूळ कारण काय हे कस्टमरच्या नेहमीच्या शब्दांत सापडतं. त्यांतली वाक्यं जशीच्या तशी उचला आणि भागाचं नाव तेवढं बदला.

जुना_मास्तर

मोजमाप ताईंचं बोलण्याबद्दलचं म्हणणं पटलं. वाचनाबद्दल मी सांगतो. जिल्हा परिषद शाळेत आयुष्य गेलं. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. तुम्ही त्याच्या आधीच्या पिढीतले, त्यामुळे पाया कच्चा राहिला यात तुमचा काही दोष नाही.

मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला होते. बंगाली मुलांना शिकवताना त्यांनी ठरवलं की आधी वाचता येऊ द्या, आणि तेही मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २००० शब्दांची यादी छापली. परक्या भाषकांसाठी पायरीपायरीने लिहिलेली सोपी गोष्टींची पुस्तकं असतात ती याच विचारातून आली. तालुक्याच्या वाचनालयात विचारा. निवडताना एक कसोटी लावा: पानावर चार-पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर त्या पुस्तकाची वेळ अजून आलेली नाही. कोश हातात घेऊन कष्टाने वाचलेल्या एका पानापेक्षा न थांबता वाचलेली दहा पानं जास्त देतात.

ऐकायला बीबीसीचा सहा मिनिटांचा इंग्रजी शिकवणारा कार्यक्रम फुकट आहे, खाली मजकूरही असतो. आधी नुसतं ऐका, मग मजकूर बघून ऐका, मग पुन्हा मजकुराशिवाय.

श्टुटगार्टवरून

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. मूळचा सांगलीचा, इथं सप्लायर क्वालिटीत आहे. म्हणजे तुमच्यासारख्यांशी मीटिंगमध्ये बोलणारा.

दादा, समोरच्या जर्मन माणसाची मातृभाषाही इंग्रजी नाही. तोही शाळेत शिकलाय आणि तोही वाक्य जुळवतच बोलतो. त्याला गुळगुळीत इंग्रजी नको असतं, कारण नेमकं काय आणि पार्ट कधी मिळणार हे हवं असतं. ते सांगू शकणारा माणूस शेजारी गप्प उभा असेल तर नुकसान आमचंच.

घोटाळा होतो तो आकड्यांत. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. सरळ विचारा, "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?" जर्मन लोक दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात, त्यामुळे मेलमध्ये ०,०५ दिसलं तर दचकू नका. बोलताना एकेक अंक म्हणा, "झिरो पॉइंट झिरो फाइव्ह", आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. कळलं नाही तर "येस येस" म्हणू नका, "प्लीज से इट अगेन, स्लोली" म्हणा. याचा इथं कोणी राग धरत नाही. उलट न कळता हो म्हटल्याने चुकीचा लॉट विमानाने येतो, त्याचा धरतात.

सेटर_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहिली पाळी होती, सुटल्यावर लिहिलं. बघा जरा: "टुडे स्पिंडल अलार्म केम. आय स्टॉप्ड द मशीन. आय टोल्ड मेंटेनन्स. दे डिड नॉट केम फॉर वन अवर. आय चेक्ड लास्ट टेन पार्ट्स. ऑल ओके."

मोजमाप

छान. कस्टमरला यातून सगळं कळतं, हे आधी लक्षात घ्या. दुरुस्त्या दोनच. "डिड नॉट कम" म्हणा, "डिड"पुढे मूळ रूप. आणि अलार्म "आला" हे आपलं मराठी झालं, तिथं "वुई गॉट अ स्पिंडल अलार्म" म्हणा. उरलेलं तसंच ठेवा. आता यावरच "व्हाय" लावा: "व्हाय डिड वुई गेट द अलार्म?" मेंटेनन्सवाल्यांनी काय सांगितलं ते इंग्रजीत लिहून उद्या इथं टाका.