महिला फुटबॉल वर्ल्ड कपला संघात 23 जणी पुरतात की 26 हव्यात?

टिळकवाडी_टचलाइन
एशियन कप 2026 ला संघात 26 जणींना जागा होती. 2023 चा वर्ल्ड कप आणि 2025 चा युरो (युरोपचा कप) मात्र 23 वरच झाले. पुरुषांना कतारमध्ये 2022 लाच 26 मिळाले होते. 2027 ला ब्राझीलमध्ये मुलींनाही 26 च पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत.

हिशोब करा. 23 मधल्या तीन गोलकीपर काढल्या की राहतात 20, म्हणजे दहा जागांना दोन-दोन. कागदावर झकास. खरं 2023 च्या नियमात जबर दुखापत झाली तरी बदली खेळाडू पहिल्या मॅचच्या 24 तास आधीपर्यंतच घेता यायची. नंतर सूट फक्त गोलकीपरला. ऑस्ट्रेलियाचं बघा की. पहिल्या मॅचच्या तोंडावर कॅप्टन सॅम करची पोटरी गेली. नायजेरियाच्या मॅचला मेरी फाउलर आणि आयव्ही लुइक डोक्याच्या मारामुळं बाहेर. 20 च्या झाल्या 17, आणि मॅच 2-3 गेली.

खानापूर_स्टॉपर
आणि त्याच 23 जणींवर ऑस्ट्रेलिया सेमीफायनलला पोचली, ते सोयीनं विसरलात काय? फ्रान्सला पेनल्टीवर काढलं. सॅम कर डेन्मार्कविरुद्ध बदली म्हणून आली आणि इंग्लंडविरुद्ध सेमीफायनलला गोल मारला. म्हणजे जखमी खेळाडूला संघात धरून ठेवण्यातच शहाणपण होतं.

26 चा फायदा कुणाला? अमेरिका, इंग्लंड, स्पेन. त्यांची 26 वी खेळाडूसुद्धा मोठ्या क्लबची असते. पहिल्यांदा आलेल्या देशाची 18 वीच कच्ची असते. तिथं तीन नावं वाढवून दरी रुंदावेल, बाकी काही नाही.

निपाणी_लेफ्टविंग
खानापूरकर, कमी खेळाडूंत काय होतं ते पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसलं. 18 जणी, वर चार राखीव. 18 तल्या दोन गोलकीपर सोडल्या तर 16. सुवर्णपदकापर्यंत जाणाऱ्या संघाला साधारण 16 दिवसांत सहा मॅच. अमेरिकेची मॅकारियो सुरुवातीआधीच बाहेर गेली, तिच्या जागी राखीवमधली लिन विल्यम्स आली. जपान आणि जर्मनी, दोन्ही मॅच जादा वेळेत गेल्या. स्वॉन्सन, स्मिथ, रॉडमन या तिघी फॉरवर्डनाच कोच एमा हेस पुन्हा पुन्हा उतरवत होत्या. जिंकल्या म्हणून सगळं झाकलं गेलं.

खानापूर_स्टॉपर
जिंकल्या म्हणजे जिंकल्या. 18 त सुवर्ण येतं, तर 23 ला कमी कसं म्हणायचं?

कॅम्प_लाइन्समन
मॅचचं सोडा, सरावाचं गणित कुणीच मांडत नाही. 20 जणी आणि दोन गोलकीपर म्हणजे बरोबर 11 विरुद्ध 11. तिसरी गोलकीपर बाजूला कोचकडून क्रॉस आणि शॉट घेत बसते. एक जण जरी मांडी धरून बसली की असिस्टंट कोचला बूट घालून आत यावं लागतं, आणि मग समोरच्या संघासारखं दाबून खेळणारी बाजू उभीच करता येत नाही.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी आणखी अवघड. सुरुवातीच्या दहा जणी सायकल, स्ट्रेचिंग, मसाजवर. उरलेल्या दहांचा दम टिकवायला त्यांना जोरात पळवावं लागतं, खरं 5 विरुद्ध 5 च्या वर खेळ जमत नाही. 26 असल्या तर तेरा राहतात. तेरांत 6 विरुद्ध 6 बसतं, वर एक जण चेंडू ज्यांच्याकडं त्यांच्या बाजूनं खेळते.

एक अट मात्र घाला. वाढीव तीन जागा लेफ्ट बॅक, स्टॉपर (मधली बॅक) आणि बचावासमोरची हाफ (मिडफिल्डर) यांनाच. नाहीतर कोच तीन लाडक्या फॉरवर्ड नेतो आणि दोन्ही लेफ्ट बॅक गेल्या की विंगला मागं ओढतो.

शहापूर_नं_10
मधला मार्ग आहे की! 23 च ठेवा आणि तिसरी गोलकीपर काढा. कधी खेळते ती?

कॅम्प_लाइन्समन
काता कोल. 2023, स्पेन, शर्टाचा नंबर 23. सीनियर संघाची एकही मॅच खेळलेली नव्हती. जपानकडून 0-4 हरल्यावर पहिली गोलकीपर मिसाला बसवून कोलला स्वित्झर्लंडविरुद्ध उतरवलं, तिथून फायनलपर्यंत तीच. कप घेऊनच घरी गेली. आणखी काय पाहिजे?

शहापूर_नं_10
बरं, ते राहू दे.

टिळकवाडी_टचलाइन
आपलंच उदाहरण घ्या. जानेवारी 2022, नवी मुंबई, एशियन कप. इराणशी 0-0, आणि चायनीज तैपेईच्या (तैवान) मॅचला भारत उतरूच शकला नाही. कोविडमुळं डझनभर मुली बाहेर, आणि नियम असा की एका गोलकीपरसह किमान 13 पाहिजेत. 23 तून 12 गेल्या तर 11. तेच 26 तून गेल्या तर 14.

खानापूर_स्टॉपर
वजाबाकी बरोबर, निष्कर्ष चुकीचा. एकाच हॉटेलात, एकाच बसमध्ये 26 असत्या तर बारावरच थांबलं असतं कशावरून? आणि 14 त दोन जखमी निघाल्या की परत 12. तिथं फसलं ते बायो-बबल, यादी नव्हे.

खर्चाचंही बोला. 2023 ला फिफानं गटात हरणाऱ्या खेळाडूलाही 30,000 डॉलर जाहीर केले होते. त्याच दरानं तीन जणींचे 90,000, गुणिले 32 संघ, म्हणजे 28,80,000 डॉलर. तेवढ्यात पात्रता फेरीतल्या गरीब संघांना फिजिओ देता येतील. गुडघ्याचं लिगामेंट तुटून इंग्लंडच्या बेथ मीड, विल्यमसन आणि नेदरलँड्सची मिडेमा 2023 ला घरी बसल्या. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. त्यावर उपाय स्पर्धेच्या आधी वर्षभर करायचा असतो.

निपाणी_लेफ्टविंग
फिजिओचा मुद्दा मान्य. खरं तो पैसा वाचला तर फिजिओकडंच जाईल, ही हमी तुम्ही देणार काय? आणि तरुण मुलींचं काय? इंग्लंडची अजीमांग 2025 च्या युरोला एका सीनियर मॅचच्या अनुभवावर गेली. स्वीडन आणि इटली, दोन्हीकडं बदली म्हणून येऊन बरोबरीचा गोल मारला. 18 ची यादी असती तर ती घरी टीव्हीवर बघत बसली असती.

खानापूर_स्टॉपर
ती 23 त बसली की! माझाच मुद्दा मांडलात, आभारी आहे.

वडगाव_राइटबॅक
वर्ल्ड कपचं काय ते फिफा बघेल. भीती वेगळीच आहे. 26 चा आकडा वाचून उद्या आपल्याकडं मुलींच्या जिल्हा संघातही नावं वाढतील. चोर्ला घाटातून गोव्याला जायचं तर टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये 17 जागा, त्यातली एक कोचची, एक मॅनेजरबाईंची. पंधरा मुली धरा: दोन गोलकीपर, पाच बॅक, पाच हाफ, तीन फॉरवर्ड. पाचव्या बॅकला स्टॉपर आणि साइड दोन्हीकडं खेळता आलं पाहिजे. जुलैत चिखलात विंगर पळत नाही, घसरते. म्हणून ती जागा हाफला द्या.

कॅम्प_लाइन्समन
पंधरात दोन गोलकीपर चैन आहे. एखाद्या उंच स्टॉपरला ग्लोव्ह्ज घालून आठवड्यातून दोनदा उंच चेंडू पकडायला लावा, आणि ती जागा तिसऱ्या स्टॉपरला द्या. फक्त तिच्या मापाची वेगळ्या रंगाची जर्सी पिशवीत ठेवा. नाहीतर रेफ्री आतच घेत नाही.