मदत हवी आहे: मीठ बंद केल्याने गाठीची वाढ थांबते का?

नमस्कार. आम्ही मालवणजवळचे. आईला फुप्फुसाचा कर्करोग आहे, केमो सुरू आहे, त्यात सिस्प्लॅटिन आहे. भेटायला येणारं प्रत्येक माणूस सांगतं, "मीठ बंद कर, गाठ आपोआप सुकतली." मावशीने गर्सन आहाराची माहिती पाठवली: मीठ वर्ज्य, दिवसभर रस, वर कॉफीचा एनिमा. हा अळणी आहार गर्सन या जर्मन डॉक्टरांनी आधी मायग्रेन आणि त्वचेच्या क्षयासाठी वापरला, कर्करोगाकडे नंतर वळवला, असं वाचलं.

आईने ते मनावर घेतलंय. पेजेत मीठ नाही, बाजूला लोणच्याची फोड नाही. दोन घास खाते आणि वाटी सारते. वजन उतरतंय. मला तिच्यावर जबरदस्ती करायची नाही, पण समजावायचं तर खात्रीचं काहीतरी हातात हवं. अळणी खाऊन माणसांत गाठ आटल्याचं सिद्ध झालंय का? तिला रक्तदाबाची गोळीही आहे. मग कमी सोडियमचं मीठ द्यावं का?

प्रतिसाद:
ताई, सिद्ध झालेलं नाही. उंदरांवरच्या काही प्रयोगांत तर जास्त मिठाच्या आहारावर गाठी सावकाश वाढल्या; अर्थात त्यावरून मीठ वाढवायचं नाही. खारवलेल्या पदार्थांचा जठराच्या कर्करोगाशी संबंध आहे, पण तो रोग होण्याच्या जोखमीचा.

मी आहारतज्ज्ञ आहे, आणि मला काळजी वाटते ती आईंच्या सोडियमची. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत, विशेषतः स्मॉल सेल प्रकारात, गाठच एक संप्रेरक सोडते. अंगात पाणी साठतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. सिस्प्लॅटिनमुळे ते लघवीवाटेही जाऊ शकतं, उलट्या-जुलाब झाले तर आणखी. रिपोर्टमध्ये सोडियमचा आकडा बघा, तो साधारण १३५ ते १४५ असायला हवा. ग्लानी, असंबद्ध बोलणं किंवा फिटचा झटका दिसला तर थेट रुग्णालय गाठा. कॉफीचा एनिमा अजिबात नको, त्यानेही क्षार बिघडतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आईंचं प्रमाण मात्र रक्तदाब आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांनीच ठरवायचं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडावर ताण असेल तर ते धोक्याचं. न विचारता देऊ नका.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. मागच्या रिपोर्टमध्ये सोडियम १३१ आहे, आत्ताच पाहिलं. डॉक्टरांना लगेच फोन लावते.