बागेत रोज रात्री कोल्हा येतोय, वाफे उकरून ठेवतोय, काय करू?

अंगणवेल
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथे लिहितेय. घरामागे छोटी बाग आहे, चार भाजीचे वाफे, कडेने फुलझाडं आणि कोपऱ्यात अवजारं ठेवायची लाकडी शेड. गेले दोन आठवडे सकाळी उठून बघते तर कुठलातरी वाफा उकरलेला असतोच. खड्डे काही फार मोठे नसतात, वाटीएवढे, वरून रुंद आणि खाली निमुळते. पण परवा कहर झाला, आदल्या संध्याकाळी लावलेली गुलाबाची तिन्ही रोपं मुळासकट उपटून बाजूला टाकलेली होती, खाल्लेली नाहीत चावलेली नाहीत, नुसती काढून टाकलेली, आणि आळ्यातली माती सगळी बाहेर. आधी वाटलं मांजर असेल, मग वाटलं आमचीच कुत्री, पण ती रात्री घरात झोपते. शेवटी जुना फोन खिडकीत रेकॉर्डिंगला लावून ठेवला तर पहाटे पावणेचारला कोल्हा! आरामात वाफ्यावर चढला, नाक मातीत खुपसलं आणि सुरूच झाला उकरायला. दारातली एक चप्पलही गेलीय, ती पण त्यानेच नेली असेल का?
शेजारचे काका म्हणतात डांबरगोळ्या टाक, अजून एक जण म्हणाले विष घातलेला तुकडा ठेव. विष मला अजिबात घालायचं नाहीये, जीव घ्यायचा नाहीये कुणाचा, फक्त बाग वाचवायचीय. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, रोज सकाळी मागचं दार उघडायचीच भीती वाटायला लागलीय.

मातीचा_माणूस
ताई एक सांगा, गुलाब लावताना खड्ड्यात बोनमील घातलं होतं का? किंवा मासळीचं खत?

अंगणवेल
हो दादा, बोनमील घातलं होतं, प्रत्येक खड्ड्यात मूठभर. पण वाफ्यात नाही घातलेलं, तिथे नुसतं शेणखत आहे.

मातीचा_माणूस
मग गुलाबाचं कोडं सुटलं. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, आपल्याला त्याचा फारसा वास येत नाही पण कोल्ह्याला तो वास म्हणजे इथे खाली मेलेलं जनावर पुरलंय असा निरोपच असतो, त्यामुळे तो रोप बाजूला काढतो आणि खाली शोधत बसतो. त्याला रोपाशी काही देणंघेणं नाही म्हणूनच ते चावलेलं नसतं. रक्तापासून केलेलं खत आणि मासळीचं खत यांचंही तेच. या जागेवर परत गुलाब लावणार असाल तर आळ्यातली ती माती आधी काढून टाका आणि मुरलेलं कंपोस्ट नाहीतर पेंड वापरा.
वाफ्यातले वाटीएवढे निमुळते खड्डे म्हणजे तो हुमणी आणि गांडुळं खातोय. शेणखत नीट कुजलेलं नसेल तर त्यात हुमणी भरपूर होते. खुरप्याने एका कोपऱ्यात वीतभर खोल उकरून बघा, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली की समजा पंगत तिथेच मांडलेली आहे. त्या वेचून काढा आणि पुढच्या वेळी खत पूर्ण कुजलं की मगच टाका. माती ओली असली की गांडुळं वर येतात, म्हणून संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी द्यायला लागा, रात्री वरचा थर कोरडा राहिला तरी बराच फरक पडतो.
चप्पल त्यानेच नेली. चपला, बूट, चेंडू असलं काहीही उचलून नेतात, घामाचा आणि चामड्याचा वास आवडतो त्यांना. रात्री आत ठेवत जा.

रानवाट
ताई, व्हिडिओत शेपटी कशी दिसतेय ते बघून सांगाल का? आपण मराठीत सरसकट कोल्हा म्हणतो पण त्यात तीन वेगळे प्राणी येतात. खोकड लहान असतं, मांजरापेक्षा थोडं मोठं, दोन-तीन किलोचं, कान मोठे, शेपटी झुपकेदार आणि टोक काळं. आणि ज्याची कोल्हेकुई ऐकू येते तो कोल्हा बराच मोठा, आठ-दहा किलोचा, कुत्र्यासारखा दिसणारा, शेपटी तुलनेने आखूड. तिसरा तांबडा कोल्हा, त्याच्या शेपटीचं टोक बहुतेक वेळा पांढरं असतं. कोल्हे एकाने सूर धरला की सगळे मिळून ओरडतात, खोकड तसं एकत्र ओरडत नाही, त्याचं भुंकणं आखूड आणि चिरकं असतं. हे एवढ्यासाठी विचारतोय की कुंपण करायचं झालं तर किती मोठ्या प्राण्यासाठी करायचं ते कळेल.
पायाचा ठसा मिळाला तर अजून बरं. चार बोटं आणि पुढे नखांच्या खुणा दिसल्या तर कुत्र्याच्या कुळातला, मांजराची नखं चालताना आत असतात त्यामुळे ती उमटत नाहीत.

अंगणवेल
आत्ता परत बघितलं, लहानच आहे, कान मोठे आणि शेपटीचं टोक काळं आहे. म्हणजे खोकड! आणि शेडजवळच्या मऊ मातीत ठसा पण सापडला, नखांच्या चार बारीक टिंबांसकट, माझ्या दोन बोटांएवढा रुंद असेल फक्त.

खुराडेवाली
मी कोंबड्या पाळते म्हणून माझं ऐका, आमच्याकडे एका रात्रीत सात कोंबड्या गेल्या, त्यातली एकच नेली, बाकीच्या सहा तिथेच पडलेल्या. तेव्हा मला त्या प्राण्याचा इतका राग आला होता की काय सांगू, वाटलं नुसता क्रूरपणा आहे हा. नंतर समजलं की बंद जागेत पक्षी पळून जाऊ शकत नाहीत, फडफडत राहतात, आणि जोवर काहीतरी फडफडतंय तोवर त्याचं मारणं थांबत नाही. उघड्यावर एक मारला की बाकीचे उडून जातात. आणि संधी मिळाली तर उरलेलं तो एकेक करून नेऊन पुरून ठेवतो, पुढे लागेल तेव्हा खायला. आमच्या कुंडीत एकदा अख्खं अंडं सापडलं होतं, न फुटलेलं, वर माती नाकाने दाबून इतकी सारखी केलेली की रोप बदलायला कुंडी उलटी केली नसती तर कळलंच नसतं. तेव्हा ताई, तुमचे काही खड्डे उकरण्याचे नसून पुरण्याचे पण असू शकतात, बघा काही सापडतंय का.
खुराड्याचं सांगते. कोंबडीजाळी म्हणतात ती षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवायला ठीक आहे, कोल्ह्याला बाहेर ठेवायला नाही, ती दाताने फाटते, आमची तशीच फाटली. जाड तारेची वेल्डमेश लावा, छपरालाही लावा आणि खालच्या जमिनीचाही विचार करा. दाराला नुसती सरकती कडी नको, स्प्रिंगचा हूक लावा. आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत दार बंद, एक दिवस विसरलं तरी तो दिवस त्याचा असतो. आमचं नुकसान त्याच्या हुशारीने नाही झालं, मी त्या दिवशी दार लावायला उशीर केला म्हणून झालं, हे अजूनही मनाला लागतं.

मोकळं_आभाळ
कुंपणाबद्दल लिहितो कारण मी दोनदा केलं, पहिल्यांदा चुकलं. पहिल्यांदा पाच फूट उंच जाळी जमिनीला टेकवून उभी केली, तिसऱ्या दिवशी खालून बोगदा. दुसऱ्यांदा जाळी दोन मीटर उंच घेतली, वरचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला तिरका वाकवला (चढून वर आला तरी तिथून पुढे जाता येत नाही) आणि खाली ३० सेंटीमीटर पुरून तिथून पुढे तेवढीच अजून बाहेरच्या दिशेने आडवी पसरली, इंग्रजी एल सारखी. कोल्हा नेहमी कुंपणाला नाक लावून अगदी पायथ्याशीच उकरतो, तिथे पंज्याला जाळी लागली की अजून खोल जायचा प्रयत्न करतो, पण दोन पावलं मागे जाऊन तिथून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. पहार मारून खोल खणायला जमत नसेल तर आडवी जाळी जमिनीवरच पसरून खुंट्यांनी ठोका, गवत त्यातून वर येतं आणि महिन्याभरात दिसेनाशी होते. जाळीचं भोक ५ सेंटीमीटरपेक्षा मोठं नको. आणि फाटकाखालची फट बघा, १० सेंटीमीटरची फट सुद्धा त्याला पुरते, माझं सगळं कुंपण चांगलं होतं आणि फाटकाखालून येत होता!
शेतात वापरतात तसं झटका मशीन पण चालतं, सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि गवत तारेला टेकू द्यायचं नाही नाहीतर झटका कमी होतो. पण हात जोडून सांगतो, मशीनशिवाय थेट लाईनचा करंट तारेत कधीही सोडू नका, त्याने माणसं मरतात.

मातीचा_माणूस
मोकळं आभाळ म्हणतायत ते बरोबर आहे पण चार वाफ्यांसाठी एवढं कुंपण कशाला? वाफ्यावर वेल्डमेशचा तुकडा सपाट पसरून कडा विटांनी दाबा, रोपं भोकातून वर येतील आणि त्याला उकरता येणार नाही. बी पेरलेल्या वाफ्यावर तर हे सगळ्यात सोपं. पंज्याखाली तार लागलेली त्यांना आवडत नाही.

निळी_कोयल
ताई डांबरगोळ्या खरंच टाकू नका. एक तर उघड्यावर वास फार टिकत नाही, आणि कुत्रीने एखादी गोळी खाल्ली तर तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लहान मुलांच्या पण. भाजीच्या मातीत तर नकोच. फिनाईल ओतणं, रॉकेल शिंपडणं हे पण तसंच. विष घालणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे आणि तो तुकडा नेमकं कोण खाईल ते आपल्या हातात राहत नाही. शिवाय एक गेला की ती मोकळी झालेली जागा दुसरा घेतो, खाणं तिथेच आहे ना.
मी काय काय करून बघितलं ते सांगते. मिरचीपूड, एका पावसात गेली. आवाजाचं अल्ट्रासोनिक मशीन, चार दिवस आला नाही, पाचव्या दिवशी त्याच्यासमोरच बसून अंग खाजवत होता. सेन्सर लाईट, थोडे दिवस. खरा उपयोग झाला तो सेन्सरवर चालणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याचा, जवळ आलं की फस्सकन पाणी उडतं आणि तो जो पळतो! पण दर तीन-चार दिवसांनी त्याची जागा बदलावी लागते, एकाच जागी ठेवला की तो कुठपर्यंत पाणी येतं हे शिकून घेतो आणि बरोबर कडेने फिरून जातो. यातलं काहीही तो रोज यायला लागल्यावर करण्यापेक्षा पहिल्या-दुसऱ्या दिवशीच केलेलं जास्त लागू पडतं, एकदा सवय लागली की हटत नाही.

अंगणवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. हुमणी निघाली, एका वाफ्यात ओंजळभर! कुत्रीचं खाणं रात्री बाहेर राहायचं तेही बंद केलं. पण आता नवीनच काळजी, काल शेडच्या मागे गेले तर लाकडी फळ्यांखाली बीळ दिसलं, तोंडाशी ताजी माती आणि उग्र वास. दगड-सिमेंट टाकून बुजवून टाकू का आजच?

रानवाट
नको!! थांबा. आत पिल्लं असतील तर ती आतच तडफडून मरतील, आणि आई बाहेर असेल तर ती आत शिरायला सगळी शेड उकरून काढेल. आधी तपासा. बिळाच्या तोंडात सुका पाला किंवा वर्तमानपत्राचे बोळे सैलसर भरा आणि तीन दिवस बघा. बोळे जागचे हलले नाहीत तर बीळ रिकामं. ढकलून बाहेर टाकले तर कुणीतरी राहतंय.
राहत असेल आणि पिल्लं असतील तर थोडा धीर धरा ताई, साधारण महिन्याभराने पिल्लं बाहेर यायला लागतात आणि त्यानंतर काही आठवड्यांत कुटुंब तिथून हलतं. घाई असेल तर दिवसा शेडमध्ये वावर वाढवा, अवजारं आपटा, रेडिओ लावून ठेवा, जागा सुरक्षित नाही असं वाटलं की आई एकेकाला तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेते, त्यांची एकापेक्षा जास्त बिळं असतात. पिल्लू एकटं दिसलं म्हणून उचलू नका, आई बहुतेक वेळा जवळच असते.

निळी_कोयल
आणि कुत्रीचं रेबीजचं इंजेक्शन झालंय ना बघा. कोल्ह्याच्या अंगावरची खरूज पण कुत्र्यांना लागते, तिला बिळाजवळ जाऊ देऊ नका. विष्ठा दिसली तर हातमोजे घालून उचला, त्यात जंतांची अंडी असू शकतात, त्या वाफ्यातली भाजी नीट धुवून घ्या. दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेलाच असं नसतं, पिल्लांसाठी दिवसाही फिरतात, पण झोकांड्या खात असेल, माणसाला घाबरत नसेल तर लांब राहून वनविभागाला कळवा. चावला किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टर, उद्या जाऊ असं नाही.

अंगणवेल
(सात आठवड्यांनी) सांगायचं राहून गेलं होतं म्हणून आज लिहितेय. बोळे पहिल्याच रात्री बाहेर आले होते. मग काही केलं नाही, शेडकडे जाणं बंद केलं, कुत्रीला पुढच्या अंगणात ठेवलं. एका पहाटे खिडकीतून तीन पिल्लं दिसली, मळकट करड्या रंगाची, एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि आई थोडी लांब कान उभे करून बसलेली. मी श्वास रोखून बघत राहिले, चहा तसाच गार झाला. नंतर हळूहळू दिसेनाशी झाली, परत बोळे भरले, चार दिवस एकही हलला नाही, तेव्हा शेडच्या चारी बाजूंनी वेल्डमेश पुरली, बाहेरच्या बाजूला आडवी पसरून, सांगितलं होतंत तशी. वाफ्यांवरही जाळी आहे. गुलाब परत लावले, यावेळी नुसतं कंपोस्ट घालून, दोघांना फुटवे आलेत.
जाळी पुरताना बिळाच्या तोंडाशी माझी चप्पल सापडली. पट्टा पूर्ण खाल्लेला आणि टाचेवर बारीक बारीक दातांच्या ओळी, अगदी टाचणीने टोचल्यासारख्या.