जुनी मोटरसायकल घेतेय, पण सोलापूरला घरी आणायची कुणी?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये दोन महिन्यांसाठी सोलापूरला आईकडे चालले आहे. भाच्याला जुळे सोलापूरहून रोज केगावला, विद्यापीठात जावं लागतं. बस आणि रिक्षा बदलण्यातच त्याची सकाळ जाते. त्याला एखादी वापरलेली मोटरसायकल घेऊन द्यावी असं मनात आहे. ३५ हजारांपर्यंत जमेल. दोन गाड्यांचे फोटो आलेत, एक बार्शीची आणि एक विजापूरची. विजापूरची पाच हजारांनी स्वस्त आहे.

मला गाडीतलं काही कळत नाही आणि भाच्याकडे अजून शिकाऊ परवानाच आहे. मग गाडी बघायची कुणी आणि चालवत आणायची कुणी? टेम्पोत घालून आणावी का? कुणी हे केलं असेल तर सविस्तर लिहा.

— जुळे सोलापूरची

*

ताई, नमस्कार.

गेल्या जानेवारीत मी अगदी हेच केलं, तेही बार्शीहूनच, म्हणून लांबलचक लिहितोय.

गड्ड्याच्या यात्रेला गेलो होतो. धाकट्या भावासाठी २०१५ सालची स्प्लेंडर ठरवली होती. माझा भारतातला परवाना केव्हाच संपलेला, त्यामुळे मी ती चालवून आणणं शक्य नव्हतं. शाळेतल्या मित्राला फोन केला. तो सोलापूरच्या पूर्वभागात एका कारखान्यात यंत्रमागावर जॉबर आहे. पंचवीस वर्षं माग दुरुस्त करतोय, मागाचा आवाज बदलला की लांबून ओळखतो. मला एवढंच म्हणाला, "विकणाऱ्यांना आत्ताच फोन कर बे. आम्ही येईपर्यंत गाडीला किक मारू नका म्हणावं."

सकाळच्या एसटीनं दोघं बार्शीला गेलो. जाताना दोन हेल्मेटं, पाने, एक जुना टॉवेल आणि जास्तीचा प्लग त्यानं पिशवीत घेतला होता. विकणारे निवृत्त गुरुजी, भगवंत मंदिरापलीकडे घर. मित्रानं आधी इंजिनावर तळहात ठेवला. गार लागल्यावर मगच किक मारली. गार इंजिन कितव्या किकला उठतं, सुरुवातीला निळा धूर येतो का, टायमिंग चेन खळखळते का, हे गरम गाडीत झाकलं जातं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय आणि पुढे मोठा खर्च आहे. आमच्या गाडीला तो नव्हता.

मग तो खाली बसला. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. पुढच्या टायरवर ०८१५ होतं, म्हणजे टायर गाडीबरोबरचाच, नक्षी दिसायला बरी असली तरी रबराला बारीक चिरा. मीटर ३१ हजार किलोमीटर दाखवत होतं, पण ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. गुरुजींना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं की मधे वर्षभर मीटरची केबल तुटलेली होती. हँडलखालचा चेसिस नंबर त्यानं टॉवेलनं पुसून आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहिला. टायरपोटी दीड हजार कमी झाले. गाडी ३२ हजारांना ठरली.

कागदांचं मी बघितलं. आरसी, पीयूसी, विमा, मालकी बदलासाठीचे फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, आणि दोघांची ओळखपत्रं. पूर्वी कर्जावर घेतलेली गाडी असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हवा. गाडीच्या नोंदीला जोडलेला मोबाइल नंबर विकणाऱ्याकडे चालू आहे ना, हेही तिथंच बघा, ओटीपी त्यावर येतो. विमा १४ दिवसांत नव्या नावावर करायला अर्ज द्यायचा. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. आरटीओला खरेदीदारानं ३० दिवसांत कळवायचं.

आता घरी आणण्याचं. बार्शीतच टाकी काठोकाठ भरली. मित्र पुढे, मी मागे. पानगाव गेलं, वैराग गेलं, आणि पुढे थोड्या अंतरावर गाडी आचके देत बंद पडली. दोन्ही बाजूंना ज्वारी, दुपारचं ऊन. पाच मिनिटांनी सुरू झाली, दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. माझ्या पोटात गोळा आला. ३२ हजार मोजून भावासाठी काय घेऊन चाललोय असं झालं. मित्रानं प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली होती. मग टाकीच्या झाकणाजवळ कान नेऊन ते हळूच उघडलं. 'सूंऽऽ' करून हवा आत ओढली गेली. "हे बघ. श्वास घ्यायलाच जागा नाही हिला."

झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असतं, ते मळानं बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरलं की त्याच्या जागी हवा यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे उतरत नाही. गुरुजींच्या घरी टाकीत जेमतेम अर्धा लिटर होतं, वर भरपूर हवा होती, म्हणून चालवून बघताना काही जाणवलं नाही. टाकी भरल्यावर वर हवा राहिलीच नाही. त्यानं बांधावरच्या बाभळीचा काटा मोडला, भोक मोकळं केलं, झाकण तोंडाला लावून फुंकून पाहिलं. तिथून घरापर्यंत गाडी एकदाही अडली नाही.

घरी आईनं ताट तयार ठेवलं होतं. गाडीला हळदकुंकू लावण्याआधी तिनं माझ्या मित्राला ओवाळलं. चाकाखालचं लिंबू चिरडून त्यानंच गाडी दारात लावली आणि चहा पिऊन निघून गेला.

टेम्पोचं म्हणाल तर ताई, माझ्या मते टेम्पो नको. सत्तर किलोमीटर चालवल्याशिवाय आमच्या गाडीचं हे दुखणं कळलंच नसतं, भाऊ एकटाच रस्त्यात कुठेतरी अडकला असता. तुमचा भाचा तसा केगावच्या रस्त्यावर अडकायला नको.

— बाळीवेसकर

*

बाळीवेसकरांनी सगळं लिहिलंय, मी फक्त विजापूरच्या गाडीबद्दल सांगते. आम्ही अक्कलकोटचे, सीमेवरचे, आमच्याकडे कर्नाटकातल्या, केए २८ आणि केए ३२ च्या गाड्या नेहमी येतात. पाच हजारांची बचत दिसते ती खरी नाही. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथं नव्यानं नोंदवावी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. माझ्या मामांनी दाखल्याशिवाय पैसे देऊन टाकले. विकणारा गाव सोडून गेला. दोन वर्षं गाडी त्याच्याच नावावर राहिली, आणि एके दिवशी मामांच्या गाडीचा धक्का लागून एक म्हातारे पडले तेव्हा कागदांसाठी मामांची झोप उडाली. बार्शीचीच घ्या, एमएच १३, आपल्याच जिल्ह्यातली.

— अक्कलकोटची

*

दोघांचे मनापासून आभार. विजापूरचा विचार सोडला. दादा, एक विचारू का? तुमचे मित्र आमच्यासाठी येतील का? ओळख नसताना विचारणं जरा जड जातंय.

— जुळे सोलापूरची

*

ताई, कालच फोन केला. रविवारी येतो म्हणाला. भाच्याला बरोबर घ्या असा त्याचा निरोप आहे. टायरचे आकडे, झाकणाचं भोक, चेनचा ताण भाच्याला स्वतः दाखवायचाय त्याला.

एक गोष्ट मी आधीच्या पत्रात लिहिली नव्हती. बार्शीच्या त्या दिवशी त्याचा खाडा पडला होता. हजेरी बुडाली, हे मला चार दिवसांनी वहिनींकडून कळलं. पैसे द्यायला गेलो तर रागावला. शेवटी मुलीच्या वह्यापुस्तकांसाठी म्हणून घेतले, तेही वहिनींनी. मी तेव्हा आधी विचारायला हवं होतं, ते मला अजून लागून राहिलंय. म्हणून तुमच्यासाठी मी मुद्दाम सुट्टीचा वार धरला. त्याचं एसटीचं तिकीट तुम्ही काढा, आणि दुपारी घरी जेवायला थांबवा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी असली की तो नाही म्हणत नाही.

— बाळीवेसकर